वाकेन, पण मोडणार नाही

होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन चालू असलं की त्याच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सारखी उडत असते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं, इंजिन गळतंय. खरं तर ती धार थांबली की नाखवा दचकतो आणि आधी इंजिन बंद करतो.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. हवाय कशाला? अख्खा समुद्र खाली पसरलाय! इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या पायाला जाळ्या असतात. तिथून पाणी आत शिरतं, वर चढतं, सिलिंडरांभोवती फिरून त्यांची उष्णता घेतं आणि पुन्हा समुद्रात जातं. सिलिंडरच्या आत जळणारा वायू २००० अंशांच्या पुढे जातो. भोवतालचं पाणी मात्र उकळीच्या बरंच खाली राहायला हवं, नाहीतर समुद्राचे क्षार आतल्या वाटांमध्येच थर धरतात.

मग एवढं पाणी वर चढवतं कोण? तळहातावर मावेल असं एक रबरी चाक, इंपेलर. मधे धातूचा तुंबा आणि भोवती बहुधा सहा पाती. बस्स.

हे चाक एका गोल डबीत फिरतं, पण डबीच्या मधोमध नाही. त्याचा दांडा मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. सगळी गंमत तिथेच आहे. एका बाजूला भिंत जवळ, म्हणून पाती वाकतात. दुसऱ्या बाजूला भिंत लांब, म्हणून ती सरळ होतात. पाती सरळ होताना दोन पात्यांमधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. वाकताना जागा आक्रसते आणि तेच पाणी बाहेर रेटलं जातं. रहाटाचे पोहरे खाली भरतात आणि वर रिकामे होतात ना? इथे पोहराच फुगतो आणि मिटतो. झडप नाही, स्प्रिंग नाही!

बाजूला सरकवलेल्या चाकाची ही युक्ती जुनी आहे. १५८८ साली छापलेल्या आपल्या यंत्रांच्या पुस्तकात अगोस्तिनो रामेल्ली या इटालियन इंजिनिअराने तसा पंप काढून दाखवलाय. त्याची पाती खाचांमधून आत-बाहेर सरकायची. इथे सरकायचं कामच उरलं नाही, कारण पातंच लवतं. पण बंदरातल्या तेलकट पाण्यात साधं रबर फुगून जातं. १९३० मध्ये अमेरिकेत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत निओप्रीन तयार झालं आणि तेलाला बऱ्यापैकी दाद न देणारं रबर हाती आलं.

आता खरी कमाल. इंजिन मंद चालू आहे, मिनिटाला ७०० फेऱ्या. म्हणजे एकेक पातं तासाला ४२,००० वेळा वाकून सरळ होतंय. आता वेग ५००० वर न्या. असंच घासत राहिलं तर रबराचा भुगा व्हायला किती वेळ लागेल? पण तो होत नाही. वेग वाढला की पाण्याचा दाबच पात्यांना भिंतीपासून मागे लोटतो. चाक आता पाणी रेटत नाही, गरगरा फिरवून बाहेर फेकतं. एकाच रबरात दोन पंप, आणि कुठला कधी चालवायचा हे पाणीच ठरवतं!

वंगणही पाणीच. म्हणून इंजिन कोरडं चालवलं तर काही सेकंदांतच पाती करपतात. किनाऱ्यावर चालू करून बघायचं तर पाय पाण्याच्या पिंपात बुडवून.

इतकं करूनही रबर शेवटी थकतंच. वाळूने कडा झिजतात, बराच काळ पडून राहिलेल्या इंजिनात पाती वाकलेल्या जागीच आखडतात. इंपेलर बदलायला गिअरची दांडी सोडवायची, बोल्ट काढायचे आणि सगळा खालचा गिअरबॉक्स उभ्या दांड्यासकट उतरवायचा. पंप त्याच्या डोक्यावरच बसलेला असतो. डबी उचलली की इंपेलर दांड्यावरून वर सरकवून काढता येतो. इंपेलरला दांड्याशी धरून ठेवणारी इवलीशी चावी याच वेळी टुणकन उडते, तिच्यावर नजर ठेवा. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करायचा आणि डबी वरून दाबताना दांडा इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत राहायचं. बहुतेक इंजिनांत ती वरून बघताना घड्याळाच्या काट्यांची दिशा. पाती मग आपोआप योग्य बाजूला झुकतात.

जुना इंपेलर फेकण्याआधी त्याची पाती मोजा. सहाऐवजी चार भरली, तर उरलेले दोन तुकडे पाण्याबरोबर वर गेलेले असतात, आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी किंवा एखाद्या अरुंद वळणावर ते सापडेपर्यंत इंजिनाचं झाकण लावू नका.