वर्गात डुलकी, हसताना गुडघे ढिले. ‘नार्कोलेप्सी’ म्हणजे नेमकं काय?

कडेगावसारख्या ऊसपट्ट्यात रात्रीची वीज आली की पाणी पाजायला शेतात जावं लागतं. दुसऱ्या दिवशी डोळा लागला तर कुणी काही म्हणत नाही. पण रात्रभर झोपूनही मुलगा वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोपत असेल तर? त्याला आळशी म्हणण्याआधी थांबा. हा नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार असू शकतो.

कशामुळे होतो?
मेंदूतल्या काही पेशी ‘ओरेक्झिन’ हे रसायन तयार करतात. आपली जाग त्यावर टिकते. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात या पेशी बहुतांश नष्ट होतात. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. आजाराला हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० मध्ये दिलं.

लक्षणं कोणती?
- दिवसा न आवरणारी झोप
- हसताना किंवा राग आल्यावर अचानक गुडघे, मान ढिली पडणे. शुद्ध मात्र कायम
- झोपताना-उठताना काही क्षण हलता न येणे
- झोप लागताना भास होणे
- रात्रीची झोप वारंवार मोडणे

दुसरं लक्षण अनेकदा फिट समजलं जातं, तर भास आणि जखडणं ‘बाहेरची बाधा’. त्यामुळे निदानाला कित्येक वर्षं लागतात. आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. त्यामुळे मार्क घसरतात, टोमणे बसतात आणि मूल एकटं पडतं.

निदान कसं होतं?
रात्रभर झोपेची तपासणी होते. दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने डुलक्या घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागते का आणि स्वप्नांची झोप लगेच सुरू होते का, हे पाहतात. रात्री घोरण्यामुळे किंवा रक्तक्षयामुळेही दिवसा पेंग येते. म्हणून आधी तीही कारणं तपासतात.

उपचार काय?
आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने जागं ठेवणारी औषधं, झोपेची ठरलेली वेळ आणि दुपारी १५-२० मिनिटांच्या डुलक्या यांचा उपयोग होतो. झोप आटोक्यात येईपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीत पोहणं आणि उसाच्या चरकाजवळचं कामही टाळावं.

आज काय कराल?
दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहा. गुडघे ढिले पडताना शक्य असल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ते घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. शिक्षकांनाही सांगा. वर्गात १५ मिनिटं डोकं टेकू दिलं, तर पुढचे तास मूल जागं राहू शकतं.