अंतःश्वसन औषधोपचार
औषधाचे सूक्ष्म तुषार वा चूर्ण श्वासावाटे सरळ श्वासनलिकांत पोहोचविण्याच्या पद्धतीला अंतःश्वसन औषधोपचार म्हणतात. दमा [→ दमा] व चिरकारी रोधी फुफ्फुसविकार या रोगांत ही मुख्य उपचारपद्धती होय. यांपैकी दुसरा रोग धूम्रपानाप्रमाणेच लाकूड व गोवऱ्या यांच्या धुरानेही होत असल्यामुळे, भारतात तो चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या स्त्रियांतही आढळतो. हे उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात व त्यांचे यश औषधाच्या गुणाइतकेच ते नियमाने व योग्य कृतीने घेण्यावर अवलंबून असते.

तत्त्व : औषध रोगस्थानीच पडत असल्याने अल्प मात्रा पुरते. उदा., साल्ब्युटामॉलाची गोळी २ ते ४ मिग्रॅ. असते, तर फवाऱ्याच्या एका मात्रेत ते केवळ ०·१ मिग्रॅ. असते. त्यामुळे हातांचा कंप, छातीतील धडधड हे अनिष्ट परिणाम कमी होतात. सु. १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे कण लहान श्वासनलिकांपर्यंत जातात. त्यांहून मोठे कण बहुतांशी घशातच अडतात.

साधने व कृती : मोजकी मात्रा देणारा दाबयुक्त फवारा अमेरिकेत १९५६ मध्ये प्रचारात आला. तो वापरताना प्रथम हलवावा, श्वास सोडावा, नळीचे तोंड ओठांत घट्ट धरावे, संथ व खोल श्वास घेण्यास आरंभ करताच डबी दाबावी आणि नंतर सु. १० सेकंद श्वास रोखावा. हात व श्वास यांचा मेळ जमत नसल्यास स्पेसर नावाचा पोकळ कक्ष जोडतात. शुष्क चूर्णाच्या साधनात याउलट श्वास जोराने ओढावा लागतो. एका साधनाची कृती दुसऱ्यास लावल्यास औषध पुरेसे आत जात नाही.

अनियमिततेची कारणे : शीघ्र क्रिया करणाऱ्या विस्फारकाने काही मिनिटांत आराम पडतो. शोथ कमी करणाऱ्या स्टेरॉइडांचा परिणाम मात्र सावकाश होतो व तो रुग्णास जाणवतोच असे नाही. त्यामुळे रुग्ण पहिले औषध जपून ठेवतो व रोजचे सोडून देतो. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे समज, औषधाची किंमत, चारचौघांत वाटणारा संकोच आणि वार्धक्यात बोटांची घटलेली शक्ती ही अन्य कारणे होत. पुष्कळदा औषध संपल्यावरही डबीतून फवारा येत राहतो व रुग्णाची फसगत होते.

साहाय्य : कृती केवळ सांगून भागत नाही, रुग्णाकडून ती प्रत्येक भेटीत करवून पाहावी लागते, कारण शिकलेली कृती काही काळाने बिघडते. शक्यतो सर्व औषधे एकाच प्रकारच्या साधनातून द्यावीत. रोजचे औषध व त्रासाच्या वेळचे औषध यांतील भेद घरच्या माणसांसही समजावून द्यावा. दम्यात स्टेरॉइड व फॉर्मोटेरॉल एकत्र असलेले साधन दोन्ही प्रसंगी वापरता येत असल्याने ही अडचण काहीशी दूर होते. औषध दात घासण्यापूर्वी घेण्याचा परिपाठ ठेवल्यास विसर पडत नाही. शिवाय स्टेरॉइडानंतर आवश्यक असलेली चूळही भरली जाते व तोंडातील बुरशीचा संसर्ग टळतो. मात्रा चुकल्याची चौकशी दोष न देता करावी. अन्यथा रुग्ण खरे सांगत नाही.

परिणाम : चिरकारी रोधी फुफ्फुसविकाराच्या सु. ६,१०० रुग्णांच्या तीन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे एक विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ८०% हून अधिक मात्रा घेणाऱ्यांत सु. ११%, तर इतरांत सु. २६% रुग्ण दगावले. हा फरक औषधरहित साधन वापरणाऱ्यांतही दिसल्याने त्याचे सर्व श्रेय औषधाला देता येत नाही. तथापि जो रुग्ण मात्रा चुकवितो त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, हे त्यावरून स्पष्ट होते.