रजा सहा आठवड्यांची, काम परमुलखातले



अश्दोदहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय 68. तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. माहेर पोयनाडच्या बाजूचे. त्या लिहितात, "येत्या जूनमध्ये दोन महिने गावी येते आहे. भाच्याच्या घरी नुसती बसून काय करू? जवळच्या धर्मादाय दवाखान्यात रोज सकाळी जाऊन हातभार लावावा म्हणते. लेक म्हणते, आई, या वयात नको. तिला काय ठाऊक, आम्ही त्याच डासांत वाढलो! डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?"

खासगी पत्राने उत्तर दिले असते. पण इस्रायलहून, इंग्लंड-अमेरिकेहून सुट्टीला येणारे आपले निवृत्त लोक हा प्रश्न अलीकडे वरचेवर विचारतात, म्हणून इथेच लिहितो. माझे पहिले उत्तर एका शब्दाचे आहे: या. दुसरे उत्तर जरा लांब आहे आणि ते सांगायला मला तुम्हाला जर्मनीतल्या बॉन शहरात न्यावे लागेल.

मागच्या वर्षी लेकीकडे बॉनला सहा आठवडे राहिलो. ऱ्हाईन नदीकाठचे शांत गाव. 1949 पासून पश्चिम जर्मनीची राजधानी होते, पुढे 1999 साली सरकार बर्लिनला गेले. पण गाव ओस पडले नाही. रिकाम्या झालेल्या सरकारी इमारतींत संयुक्त राष्ट्रांची कार्यालये आली. जगभर स्वयंसेवक पाठवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विभागाचे मुख्य ठाणे 1996 पासून तिथेच आहे. अर्थात त्यांचे काम महिनोन् महिन्यांचे, कधी वर्षावर जाणारे. सुट्टीत जाऊन करण्याजोगे नव्हे.

सुट्टीवाल्यांची संस्था वेगळी. तिचे नाव जर्मन डॉक्टर्स, कचेरी याच गावात. बर्नहार्ड एलेन या जेझुइट धर्मगुरूंनी 1983 साली ती सुरू केली, तेव्हा नाव होते 'तिसऱ्या जगासाठी डॉक्टर'. जर्मनीत नोकरदार डॉक्टरला वर्षाला साधारण तीस कामाच्या दिवसांची रजा मिळते, म्हणजे बरोबर सहा आठवडे. ही मंडळी ती सगळीच्या सगळी रजा देऊन टाकतात. कोलकात्याच्या वस्त्यांत, ढाक्यात, नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत, फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर अशी मंडळी काम करून आली आहेत. पगार एक पैसा नाही, उलट विमानाच्या तिकिटाचा वाटाही पदरचा घालायचा. निवृत्त डॉक्टरही जातात.

मला आधी वाटले, हौस आहे झाले. सहा आठवड्यांत पाहुणा डॉक्टर काय करणार? भाषा येत नाही, रोग वेगळे, औषधे वेगळी. लेकीच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त बालरोगतज्ज्ञ बाई असे काम करून आल्या होत्या. त्यांना मी हे तोंडावर विचारले (म्हातारपणाची एक सवलत). त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकटी गेले असते तर तुमचे खरे होते. पण मी जाण्याआधी तिथे कोणी होते आणि मी निघाले तेव्हा माझ्या खुर्चीत बसायला दुसरा आला. दुभाषी, परिचारिका, औषधाचे भांडार सांभाळणारा, हे सगळे तिथलेच आणि कायमचे. क्षयाच्या रुग्णाला सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सुरू करणारा डॉक्टर सहा आठवड्यांनी परत जातो, पण उरलेले साडेचार महिने गोळी हातावर ठेवणारी बाई त्याच गल्लीतली असते. मिंडानाओत तर डॉक्टर फिरत्या दवाखान्याबरोबर डोंगरातल्या गावांत जायचा. ठराविक दिवसांनी पुन्हा त्याच गावी फेरी, डॉक्टर कोणीही असो.

मग मला कळले की महत्त्व डॉक्टरपेक्षा त्या मागच्या साखळीला आहे.

याच बॉनमध्ये आणखी एक संस्था आहे, तीही 1983 सालचीच: सीनियर एक्स्पर्टन सर्विस. हिच्याकडे हजारो निवृत्त लोकांची नावे नोंदलेली आहेत. परिचारिका, इंजिनिअर, पाव भाजणारे, सुतार, हिशेबनीस. पगार नाही, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च भागतो, मुक्काम बहुधा काही आठवड्यांचा. मला आवडली ती एक गोष्ट: माणूस आपणहून उठून जात नाही. तिकडून एखादा दवाखाना किंवा कारखाना लिहितो की आम्हाला अमुक काम शिकवणारा माणूस हवा, मग यादीतून माणूस शोधतात. आपल्याकडे लग्नालाही बोलावण्यावाचून कोणी जात नाही. परक्याच्या दवाखान्यात मात्र आपण सरळ शिरतो आणि वर त्यांनी आभार मानावेत अशी अपेक्षा धरतो.

याच्या उलट प्रकारही जगात बोकाळला आहे. पैसे भरून दोन आठवडे 'सेवा' करायची, अनाथाश्रमात मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे आणि निघून यायचे. त्या मुलांना दर पंधरवड्याला एक माया लावणारे माणूस मिळते आणि हरवते. नेपाळ आणि कंबोडियात तर अशा पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुले आश्रमांत आणून ठेवल्याचे उघड झाले आहे. असल्या जाहिराती नातवंडांनी दाखवल्या तर त्यांना दोन प्रश्न विचारा: तू निघून आल्यावर ते काम कोण करणार? आणि तुला जे काम आपल्या गावात करू देत नाहीत, ते तिथे का करू देतात?

आता प्रकृतीकडे वळतो.

"आम्ही त्याच डासांत वाढलो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची भीती वाटते. लहानपणी वरचेवर हिवताप येऊन शरीराला जी थोडीफार सवय होते, ती मुलूख सोडल्यावर काही वर्षांत निघून जाते. तीस वर्षे अश्दोदला राहिलेली बाई डासाच्या दृष्टीने नवखीच. जगभर असे दिसून आले आहे की हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा आपल्या गावी नातलगांकडे जाणाऱ्याला मलेरिया अधिक होतो. कारण पर्यटक घाबरून गोळ्या घेतो, मच्छरदाणी लावतो. आपण अंगणात गप्पा मारत बसतो.

माझे एक नात्यातले मामा लोदहून ऑगस्टमध्ये रेवदंड्याला लग्नाला आले. तीन आठवडे राहिले, खूश होऊन परत गेले. दहा दिवसांनी तिकडे ताप आला. दवाखान्यात फ्लू म्हणून गोळ्या दिल्या. कुठे जाऊन आलात हे कोणी विचारले नाही आणि मामांनीही सांगितले नाही, त्यांच्या लेखी ते परदेशी गेलेच नव्हते, घरी गेले होते. तिसऱ्या दिवशी बडबडू लागले. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरने विचारले, रक्त तपासले, तर फाल्सिपेरम मलेरिया. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण मूत्रपिंड पूर्वीसारखे राहिले नाही.

म्हणून, परत गेल्यावर ताप आला, मग तो तिसऱ्या आठवड्यात असो की सहा महिन्यांनी, डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. "मी भारतात जाऊन आले" हे पहिले वाक्य असू द्या. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून महिन्यांनी डोके वर काढतो. प्रतिबंधक गोळ्या तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणाला लागतात की नाही, हे निघण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी प्रवासी आरोग्य केंद्रात विचारा. दिल्या तर परत आल्यावरही सांगितले तितके दिवस घ्यायच्या असतात. विमानातून उतरलो की संपले, असे नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दवाखान्याच्या पडवीत पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात ब्रुफेन किंवा वेदनेसाठी ॲस्पिरिन घेऊ नये, फक्त पॅरासिटामॉल. पण हृदयासाठी रोजची छोटी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून अनवाणी चालण्यात लेप्टोचा धोका आहे, पायाला भेग किंवा जखम असेल तर अधिकच. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

वय वाढते तशी तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर कोकणच्या उकाड्यात चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. घड्याळ पाहून पाणी प्या, उकळलेले. जुलाब झाले तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जुलाब थांबेपर्यंत त्या लघवीच्या गोळीचे काय करायचे, हे निघतानाच डॉक्टरकडून लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या डब्यात ते गोठते. विमानात तासा-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी पावले वरखाली करा. हेपटायटिस ए आणि टायफॉइडच्या लशींबद्दल विचारा. आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून येणार असाल तर त्या लशीचा दाखला इथे मागतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच ती लस घेण्यात धोका वाढतो, तेव्हा तो प्रवासच आवश्यक आहे का, हे आधी ठरवा.

दवाखान्यात काम म्हणजे क्षयाच्या खोकल्यासमोर बसणे आलेच. एन-95 मास्क स्वतःचे घेऊन या. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर बाह्यरुग्ण विभागाच्या दाटीत बसू नका.

आपल्या समाजाला हे क्षेत्र नवे नाही. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून शिकून आल्या, 1928 ते 1947 मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते आयुष्यभराचे काम. सहा आठवड्यांच्या कामाचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

तर अश्दोदच्या ताई, जून-जुलै नको. पाऊस, चिखल, डास, सगळे त्याच वेळी. नोव्हेंबरच्या मध्यावर या, फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. त्याआधी त्या दवाखान्याला पत्र लिहून विचारा की तुम्हाला माझा काय उपयोग आहे. व्हिसावर असे काम चालते का आणि इथली परिचारिका म्हणून नोंदणी अजून चालू आहे का, तेही पाहा. नोंदणी नसेल तर इंजेक्शनच्या सुईला हात लावू नका. त्याची गरजही नाही. तिथल्या तरुण मुलींना जखमेची मलमपट्टी स्वच्छ कशी करायची, मधुमेह्याचे पाय कसे तपासायचे, वहीत नोंद कशी ठेवायची, हे तुम्ही शिकवू शकता. तुम्ही गेल्यावर त्या मुली तिथेच असतील. काम सकाळचे तीन तास, आठवड्याचे चार दिवस, त्याहून जास्त नाही. शब्बाथला सुट्टी आहेच.

लेकीला हे वाचायला द्या. आणि दवाखान्याचे उत्तर आले की मला कळवा, सोबत चालू गोळ्यांची यादी पाठवा, मात्रेसकट.