संगणक म्हातारा झाला की ओसरी अपुरी पडली?

कुंभार पिंपळगावात एका विद्यार्थिनीचा संगणक फार रेंगाळतो म्हणून भंगारात निघाला होता. मी पाहिलं, तर बिघाड नव्हताच. डिस्क म्हणजे कोठार, मेमरी म्हणजे ओसरी. काम ओसरीवर चालतं; ती भरली की विंडोज काही सामान कोठारात ठेवते, लागलं की परत आणते. या खेपांतच वेळ जातो. २००१च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट मेमरी पुरे. २०२१च्या विंडोज ११ला ४ गिगाबाइट, म्हणजे ६४ पट! आम्ही मेमरीची एक पट्टी वाढवली आणि तिचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. संगणक टाकण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती भरली आहे, एवढं जरूर पाहा.