कानात की कानावर? आवाजाच्या गुणवत्तेबद्दलचे गैरसमज

हेडफोन घ्यायचे म्हटले की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, संगीताची खरी आवड असेल तर ओपन-बॅकच घे, कानात खुपसायच्या वस्तूंना कसला आवाज! दुसरा म्हणतो, आयईएममध्ये जे बारकावे ऐकू येतात ते मोठ्या हेडफोनमध्ये शोधून सापडणार नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण त्यावर जे ठोकताळे उभे राहिले आहेत, त्यांच्या नादाने लोक नको तिथे पैसे घालवतात आणि काही जण कानांचे नुकसानही करून घेतात.

ही दोन साधने मुळात कशासाठी घडली, ते आधी पाहू. हेडफोनच्या कपाची मागची बाजू जाळीची ठेवून ड्रायव्हरच्या पडद्यामागचा आवाज मोकळा सोडायची, म्हणजेच ‘ओपन-बॅक’ची, कल्पना जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 साली ‘एचडी 414’ या हेडफोनमधून बाजारात आणली. घरात निवांत बसून ऐकणाऱ्यांची ती सोय होती. इन-इअर मॉनिटरची, म्हणजे आयईएमची, वंशावळ वेगळी. त्यातला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हा चिमुकला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, मूळचा श्रवणयंत्रांतला. मीड किलियन या श्रवणतज्ज्ञाच्या एटिमोटिक रिसर्च या अमेरिकन कंपनीने 1991 साली तो वापरून ‘ईआर-4’ हा संगीतासाठीचा इअरफोन काढला. पुढे 1995 मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन बँडचे ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांना रंगमंचावरच्या गोंगाटात नीट ऐकू यावे म्हणून कानाच्या मापाचे मॉनिटर करून दिले. एक साधन शांत खोलीतले, दुसरे गोंगाटातले. हा फरक नजरेआड केला की तुलनेत घोळ सुरू होतो.

गैरसमज : एवढ्याशा इअरफोनमधून बेस कसा येणार?

वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. खर्जाचा आवाज काढायचा तर पडद्याला हवा ढकलावी लागते, आणि ती किती ढकलायची हे पुढच्या जागेवर ठरते. आयईएम नीट बसला की त्याच्या तोंडापासून कानाच्या पडद्यापर्यंत जेमतेम एखाद घन सेंटिमीटर हवा कोंडलेली राहते. तेवढ्या हवेवर दाब टाकायला काही मिलिमीटरचा ड्रायव्हरही पुरतो, आणि खर्ज थेट 20 हर्ट्झपर्यंत पोहोचू शकतो. ओपन-बॅकमध्ये ड्रायव्हर कितीतरी मोठा असतो, पण कप मागून उघडा. पडद्याच्या पुढे आणि मागे निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध असतात; खालच्या सुरांत त्या एकमेकींना गाठतात आणि खोडून टाकतात. सेनहायझरचा ‘एचडी 600’ 1997 पासून जाणकारांच्या पसंतीचा आहे, तरी त्याचाही अगदी खालचा खर्ज उतरत जातो. हा त्याचा दोष नव्हे, उघड्या रचनेचा परिणाम आहे.

मात्र आयईएमचा हा सगळा बेस टिप, म्हणजे टोकाची मऊ टोपी, कानात हवाबंद बसण्यावर अवलंबून असतो. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. तबल्याचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावा आणि डग्ग्याकडे कान द्या. टिप घट्ट बसलेली असली तर मनगटाने दाबत नेलेला घुमारा भरदार आणि सलग ऐकू येतो. आता इअरफोन केसभर बाहेर ओढा. घुमारा विरतो आणि उरते ती चाटीची कोरडी टकटक. ड्रायव्हर तोच, गाणे तेच. फक्त हवेला फट मिळाली. ‘या इअरफोनला बेसच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांच्या कानात चुकीच्या मापाची टिप असते. टिप घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग जरा वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते आणि टिप आत नीट बसते. ओपन-बॅकचीही अशीच परीक्षा करता येते. गाणे चालू असताना बाहेरच्या जाळीवर तळहात टेकवा. आवाजाचा पोत लगेच बदलतो आणि मागची वाट मोकळी असण्याला किती अर्थ आहे ते कळते.

गैरसमज : आयईएममध्ये आवाज डोक्यात, ओपन-बॅकमध्ये मैफलीसारखा समोर

हे अर्धेच खरे आहे. बहुतेक स्टिरिओ ध्वनिमुद्रणे समोर ठेवलेले दोन स्पीकर गृहीत धरून तयार होतात. उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानालाही पोहोचतो, किंचित उशिरा आणि थोडा मंद होऊन. या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. हेडफोन कोणताही असो, उजवीकडचा आवाज फक्त उजव्या कानात जातो. त्यामुळे दोन्हींतही गायक डोक्याच्या मधोमध उभा राहिल्यासारखा वाटतो. ओपन-बॅकला मैफल ‘समोर’ आणता येत नाही, पण दोन गोष्टींत तो नक्कीच सरस आहे. त्याचा आवाज कानाच्या बाहेरच्या वळणांवरून आत शिरतो आणि दिशा ओळखण्याची जी सवय आपल्याला जन्मभर लागलेली असते, ती थोडीफार कामी येते. आयईएम ही वळणे टाळून थेट नळीत उतरतो. शिवाय कान बोळा घातल्यासारखे बंद झाले की स्वतःचे बोलणे, चावणे, पायांचे धक्के आत घुमतात; उघड्या हेडफोनमध्ये तो कोंडलेपणा नसतो. शांत खोलीत तासभर ख्याल ऐकायचा, तंबोऱ्याची जवारी गायकाच्या भोवती पसरलेली अनुभवायची, तर मी निःसंशय ओपन-बॅकच निवडीन.

गैरसमज : ज्याचा आलेख सपाट, त्याचा आवाज खरा

कोणता सूर किती जोरात वाजतो ते आलेखात दिसते, आणि सगळे सूर सारखे असले की झाले असे वाटते. पण कान स्वतः सपाट नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. तिच्यात 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उचलले जातात. बाहेरच्या कानाचा हातभार धरला तर ही वाढ सुमारे 15 डेसिबलपर्यंत जाते. माणसाचा आवाज स्पष्ट कळण्यात या पट्ट्याचा मोठा वाटा आहे. ओपन-बॅकमध्ये नळीचे तोंड मोकळे असते, त्यामुळे यातले बरेचसे काम कान स्वतःच करतो. आयईएमने ते तोंड बुजले की ही नैसर्गिक वाढ बिघडते आणि ती इअरफोनच्या घडणीतच भरून काढावी लागते. म्हणून कानाच्या पडद्यापाशी मोजलेल्या आलेखात त्या जागी उंचवटा दिसायलाच हवा. तो नसेल तर गायकाचा आवाज भिंतीआडून आल्यासारखा दबका वाटेल.

लोकांना नेमका कसा आलेख आवडतो, हे हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2013 पासून श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन तपासले. त्यातून मोठ्या हेडफोनसाठी एक आणि कानातल्या इअरफोनसाठी दुसरा असे वेगवेगळे आलेख निघाले. इअरफोनच्या आलेखात बेस अधिक आहे. तेव्हा एकाच पट्टीने दोघांना मोजणे चूक.

गैरसमज : जास्त ड्रायव्हर आणि जास्त किंमत म्हणजे जास्त बारकावे

‘ईआर-4’मध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर होता, आणि वर्षानुवर्षे जाणकार इतर इअरफोन त्याच्याशी ताडून पाहत आले. ड्रायव्हर वाढले की त्यांच्यात सूर वाटून द्यावे लागतात, आणि ती वाटणी जमली नाही तर आवाज तुकड्यातुकड्यांचा होतो. किमतीचे म्हणाल तर येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 साली 283 हेडफोन आणि इअरफोनची मापे घेऊन पाहिली. सुरांचा समतोल आणि किंमत यांचा संबंध आढळला नाही. आयईएममध्ये गायकाचा श्वास, तारेवरचे बोट ‘अधिक’ ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा बाहेरचा आवाज बंद होणे आणि वरच्या सुरांवर दिलेला भर ही दोनच कारणे असतात.

गैरसमज : वेगळा अ‍ॅम्प नसेल तर आवाज अर्धवटच

अ‍ॅम्प म्हणजे सिग्नलला जोर देणारे उपकरण. ‘एचडी 600’चा विद्युत अवरोध 300 ओहम, म्हणून त्याला तो जोर लागतो. फोनला थेट जोडला तर तो दबका वाजेल. त्याला अ‍ॅम्प द्यावा. बहुतेक आयईएम 16 ते 32 ओहमचे असतात आणि त्यांना साधा फोन पुरतो. उलट जोरकस अ‍ॅम्पमधली सळसळ त्यांत ऐकू येते.

गैरसमज : कानात घातलेला इअरफोन कान खराब करतो, मोठा हेडफोन नाही

यातला धोका सगळ्यात मोठा आहे, म्हणून नीट समजून घ्या. इजा अंतराने होत नाही. कानाच्या पडद्यावर किती डेसिबल आवाज किती वेळ पडतो, त्यावर ती ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास ही मर्यादा सुचवली आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. आता गर्दीची लोकल डोळ्यांपुढे आणा. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अडवतच नाही, त्यामुळे रुळांचा खडखडाट आणि डब्यातला गलबला यांच्यावर गाणे चढवावे लागते. रोज जाता-येता असे ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा दोन-चार दिवसांत संपतो. घट्ट बसलेला आयईएम त्याच गोंगाटाला 25-30 डेसिबलने खाली आणू शकतो आणि गाणे कमी आवाजातही पुरेसे ऐकू येते. पण आवाज कमी ठेवण्याची शिस्त मात्र आपल्यालाच पाळावी लागते. रस्ता ओलांडताना आणि दुचाकीवर तर आयईएम कानात नकोतच. टिप नियमित पुसा. मळ साचला तर जाळी बुजते आणि कानाला संसर्गही होऊ शकतो.

माझा कौल विचाराल तर घरी, पंखाही मंद असलेल्या खोलीत ओपन-बॅक. प्रवासात, ऑफिसात, रियाजाचे ध्वनिमुद्रण तपासताना आयईएम. दोन्ही परवडत नसतील तर आपण सर्वांत जास्त वेळ कुठे ऐकतो ते पाहून निवडा. आणि आयईएम घेतलात तर सोबत आलेल्या सगळ्या मापांच्या टिप दोन्ही कानांत घालून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळी मापे लागणे अगदी सामान्य आहे.