क्षेपणास्त्राचा पल्ला नेमका किती?

मे २०२५ मध्ये पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यात चिनी बनावटीच्या पीएल-१५ या क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले आणि ‘पल्ला’ हा शब्द घरोघरी चर्चेचा झाला. विमानातून विमानावर सोडल्या जाणाऱ्या या क्षेपणास्त्राच्या निर्यातीसाठीच्या आवृत्तीचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर. आपल्या ‘अस्त्र’चा शंभर किलोमीटरहून अधिक. वाहिन्यांवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी झळकले आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकणार, असा सोपा हिशेब अनेकांनी मनाशी मांडला.

हा हिशेब का चुकतो, हे समजून घेण्याची एक चांगली जागा म्हणजे संगणकावरचे लढाऊ विमानांचे सिम्युलेटर. १९९८ मध्ये आलेला ‘फाल्कन ४.०’ किंवा आजचा ‘डीसीएस वर्ल्ड’ यांसारखे सिम्युलेटर खेळ म्हणून विकले जातात. पण त्यांच्या पोटात भौतिकशास्त्र चालू असते. पडद्यावर धुराची रेघ सोडत जाणारे क्षेपणास्त्र म्हणजे नुसते चित्र नसते. दर सेकंदाला अनेकदा सोडवली जाणारी ती समीकरणे असतात. ती मांडताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की पल्ला नावाचा एकच एक आकडा त्यात कुठेही लिहून ठेवता येत नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने घडतो.

कोन बदलला नाही, तर टक्कर

आधी मार्गदर्शनाचा प्रश्न. क्षेपणास्त्राने लक्ष्याकडे जायचे म्हणजे काय करायचे? सतत लक्ष्याकडे तोंड करून धावायचे, हे पहिले उत्तर. सशामागे धावणारा कुत्रा हेच करतो आणि शेवटी सशाच्या शेपटीमागे येऊन पडतो. सीमारेषेवरचा चांगला क्षेत्ररक्षक तसे करत नाही. चेंडू आता कुठे आहे तिकडे न धावता, तो जिथे पोहोचणार आहे त्या जागेकडे तो तिरका धावतो.

ही जागा ओळखायची कशी? दर्यावर्दी मंडळींना याचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसरे जहाज आपल्याला सतत एकाच दिशेला दिसत असेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर अटळ आहे. चौकाकडे येताना बाजूच्या रस्त्यावरची गाडी आपल्या काचेच्या एकाच ठिकाणी ‘चिकटून’ राहिलेली दिसली, तर ब्रेक दाबावा, तो याचसाठी. जहाज टक्कर टाळण्यासाठी हा नियम वापरते. क्षेपणास्त्र टक्कर घडवण्यासाठी. लक्ष्याकडे जाणारी दृष्टिरेषा फिरू लागली, की ती स्थिर होईपर्यंत आपण वळायचे. यालाच प्रपोर्शनल नॅव्हिगेशन म्हणतात.

गणित छोटेसे आहे. दृष्टिरेषा किती वेगाने फिरते, दोघे एकमेकांच्या किती वेगाने जवळ येत आहेत आणि एक ठरावीक गुणक, या तिघांचा गुणाकार म्हणजे क्षेपणास्त्राने घ्यायचे वळण. गुणक साधारण तीन ते पाच असतो. समजा, जवळ येण्याचा वेग सेकंदाला १००० मीटर, दृष्टिरेषा सेकंदाला एक अंशाने फिरते आहे आणि गुणक चार आहे. उत्तर येते सेकंदवर्गाला सुमारे ७० मीटर त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सातपट. वैमानिकांच्या भाषेत ‘सात जी’चे वळण.

या पद्धतीची गंमत अशी, की लक्ष्य किती दूर आहे हे माहीत नसले तरी तिचे काम चालते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील चायना लेक येथे विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने घडवलेले ‘साइडवाइंडर’ सप्टेंबर १९५३ मध्ये प्रथमच लक्ष्यावर यशस्वी ठरले, तेव्हा त्याच्याकडे होता तो फक्त उष्णता पाहणारा एक डोळा. अंतर मोजण्याची सोय नव्हती. निसर्गातही हीच युक्ती दिसते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बहिरी ससाण्यांवर जीपीएस आणि छोटे कॅमेरे बसवून त्यांच्या झडपांचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ससाण्याची वाट याच नियमाने जुळली. त्याचा गुणक मात्र क्षेपणास्त्रांपेक्षा कमी निघाला. त्याच्या संथ वेगाला तोच सोयीचा.

इंजिन विझल्यानंतर

सिम्युलेटरमध्ये मार्गदर्शनाचे हे सूत्र लिहायला दोन-चार ओळी पुरतात. खरा घाम निघतो तो ऊर्जेच्या हिशेबात. बहुतेक हवाई क्षेपणास्त्रांचे रॉकेट काही सेकंदच जळते. त्या वेळात मिळालेला वेग हीच सारी शिदोरी. पुढचा प्रवास म्हणजे हातातून सुटलेल्या दगडासारखा; हवा प्रत्येक क्षणी त्यातून काहीतरी कापून घेते.

हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि हवेच्या घनतेच्या प्रमाणात वाढतो. दहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असते. त्यामुळे उंचावर सोडलेले क्षेपणास्त्र दूरवर जाते आणि तेच खाली, दाट हवेत सोडले तर लवकर दमते. म्हणूनच लांबच्या लक्ष्यासाठी अनेक क्षेपणास्त्रे आधी वर चढतात, विरळ हवेतून अंतर कापतात आणि शेवटी खाली झेपावतात.

आता समोरचे विमान काय करते ते पाहू. समजा, एक क्षेपणास्त्र ५० सेकंद उडते आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. म्हणजे ते ४० किलोमीटर जाते. लक्ष्य सेकंदाला २५० मीटर वेगाने समोरून येत असेल, तर त्या वेळात ते स्वतःच साडेबारा किलोमीटर जवळ येईल. म्हणजे साडेबावन्न किलोमीटरवरून सोडलेले क्षेपणास्त्रही त्याला गाठेल. तेच लक्ष्य पाठ फिरवून पळत असेल, तर साडेसत्तावीस किलोमीटरच्या आतूनच ते सोडावे लागेल. क्षेपणास्त्र तेच, दिवस तोच आणि पल्ल्यातला फरक २५ किलोमीटरचा.

त्यातच वळणांची किंमत वेगळी मोजावी लागते. प्रत्येक वळणात वेग खर्च होतो. वेग निम्म्यावर आला, की वळण्याची ताकद चौथाईवर येते. कसलेला वैमानिक नेमका याचाच फायदा घेतो. तो आडवा वळतो, क्षेपणास्त्राला वळायला लावतो, मग दाट हवेत खाली उतरतो आणि पाठ फिरवतो. शेवटी क्षेपणास्त्र त्याच्याजवळ पोहोचतेही, पण वळायचे त्राण त्याच्यात उरलेले नसते. म्हणून सिम्युलेटरवर हात बसलेला माणूस जाहीर पल्ल्याकडे फारसे पाहत नाही. लक्ष्याने काहीही केले तरी सुटका नाही, असे अंतर कोणते, एवढेच तो विचारतो. हे अंतर जाहीर पल्ल्याच्या कितीतरी आत असते. भारताच्या राफेल विमानांवरील ‘मिटिऑर’चे मोल इथे कळते. त्याचे रॅमजेट इंजिन बाहेरची हवा घेऊन, जोर कमी-जास्त करत अधिक काळ चालते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातही त्याच्याकडे ताकद शिल्लक राहते.

दोन पावलांमधले विमान

संगणक हा सारा प्रवास अखंड पाहत नाही. तो पावलापावलाने पाहतो. प्रत्येक पावलाला जोर, विरोध, वजन आणि वळण मोजून क्षेपणास्त्राला पुढच्या जागी ठेवतो. अशी पन्नास पावले सेकंदाला टाकली आणि जवळ येण्याचा वेग हजार मीटर असला, तर प्रत्येक पाऊल वीस मीटरचे होते. लढाऊ विमान साधारण तेवढेच लांब असते. म्हणजे एका पावलाला क्षेपणास्त्र विमानाच्या अलीकडे आणि पुढच्या पावलाला थेट पलीकडे, असे होऊ शकते. खऱ्या जगात झालेला नेम संगणकात हुकला! म्हणून दोन पावलांच्या मधल्या रेषेवर दोघे सर्वांत जवळ कुठे आले, हे वेगळे काढावे लागते आणि स्फोट व्हावा की नाही, ते त्यावरून ठरते.

त्याहून अवघड आहे तो क्षेपणास्त्राचा डोळा. सुरुवातीची उष्णतावेधी क्षेपणास्त्रे विमान सोडून सूर्यामागे लागत. पुढे विमानांनी जळते फ्लेअर सोडून त्यांना चकवायला सुरुवात केली. रडारवर चालणाऱ्या क्षेपणास्त्रांची अडचण निराळी. जमिनीवरून परत येणाऱ्या लहरींच्या गर्दीतून विमान वेगळे काढण्यासाठी ती डॉप्लर परिणामाचा आधार घेतात. म्हणजे वस्तू किती वेगाने जवळ येते किंवा दूर जाते, ते पाहतात. विमान बरोबर काटकोनात आडवे उडू लागले, की ते ना जवळ येत असते ना दूर जात असते. खाली जमीन असेल, तर रडारला ते जमिनीत मिसळून गेल्यासारखे वाटते.

काटकोनाची ही युक्ती सिम्युलेटरमध्ये मांडता येते. पण रडार किती वेगापर्यंत फसते? फसल्यावर विमान किती वेळात पुन्हा शोधते? फ्लेअर आणि विमान यांतला फरक कसा ओळखते? या गोष्टी प्रत्येक देशाच्या तिजोरीत कुलूपबंद असतात. मग अनेक खेळांत इथे चक्क फासे टाकले जातात. संगणक एक यादृच्छिक संख्या काढतो आणि ती ठरावीक मर्यादेच्या आत आली, तर क्षेपणास्त्र फसले असे मानतो.

आकडे येतात कुठून?

लांबी, व्यास, वजन, पंखांचा आकार या गोष्टी छायाचित्रांतून आणि जाहीर माहितीतून मिळतात. त्यांवरून हवेचा विरोध संगणकावर काढता येतो. ‘डीसीएस’च्या निर्मात्यांनी काही क्षेपणास्त्रांसाठी असे प्रवाहगणित केले आहे. जुन्या शस्त्रांची खुली झालेली कागदपत्रेही हाताशी असतात. बाकी उरतो तो अंदाज. म्हणूनच खेळाचा नवा अपडेट आला, की कालपर्यंत अचूक वाटणारे क्षेपणास्त्र आज हुकू लागते. त्याच्या आकडेवारीवर खेळाडू महिनोन्‌महिने हिरिरीने वाद घालतात.

या हट्टाला एक गंभीर बाजूही आहे. २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या खेळातील ब्रिटिश चॅलेंजर-२ रणगाडा चुकीचा दाखवला आहे, हे सिद्ध करण्यासाठी एका खेळाडूने त्याच्या माहितीपुस्तिकेतील गोपनीय पाने सर्वांसमोर मांडली. निर्मात्यांनी ती काढून टाकली. पण असे प्रकार पुढेही घडले. खेळातला एक आकडा बरोबर यावा म्हणून कायदा मोडण्यापर्यंत माणसे गेली.

कागदावरचे आणि आभाळातले

प्रतिकृती आणि वास्तव यांतली दरी एकदा खऱ्या सैन्यालाही महागात पडली आहे. व्हिएतनाम युद्धात उतरताना अमेरिकेचा क्षेपणास्त्रांवर इतका भरवसा होता, की फँटम या मुख्य लढाऊ विमानाला सुरुवातीला तोफच नव्हती. जून १९६५ ते सप्टेंबर १९६८ या काळात सुमारे ३६० चकमकींत जवळपास सहाशे क्षेपणास्त्रे सोडली गेली. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या अहवालाने त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा साधारण दहा प्रयत्नांमागे एक विमान पडले, असे निघाले. चाचण्यांतली लक्ष्ये सरळ उडत होती. शत्रूचा वैमानिक वळत होता. देखभालीत उणिवा होत्या. आणि क्षेपणास्त्र कोणत्या अंतरावरून, कोणत्या कोनातून सोडले तर लागते, याचे पुरेसे शिक्षण वैमानिकांना नव्हते. या अहवालानंतर मार्च १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाने सुरू केलेली शाळा म्हणजे आज चित्रपटामुळे सर्वांना माहीत असलेली ‘टॉपगन’.

म्हणूनच लष्करी प्रयोगशाळा केवळ गणितावर विसंबत नाहीत. क्षेपणास्त्राचा खरा डोळा फिरत्या मंचावर बसवून त्याला खोटी लक्ष्ये दाखवली जातात आणि उरलेले उड्डाण संगणक चालवतो. शेवटी खऱ्या चाचण्या होतातच. घरच्या संगणकावरच्या खेळाला हे शक्य नाही. त्याचे भौतिकशास्त्र बरेचसे खरे असते. लपवाछपवीचा भाग मात्र कल्पनेचा असतो. त्यामुळे क्षेपणास्त्र कसे चालते हे तो छान शिकवतो. कोणाचे क्षेपणास्त्र वरचढ, याचा निवाडा मात्र त्यावरून करता येत नाही.

हा फरक विसरला, की फसगत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आर्मा-३’ या खेळातील दृश्ये अफगाणिस्तानातील पंजशीरवरच्या हल्ल्याची म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांवरही दाखवली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कीव्हचे भूत’ म्हणून लाखोंनी पाहिलेली एक चित्रफीत ‘डीसीएस’मधली होती. चित्र जितके खऱ्यासारखे होत जाईल, तितकी पाहणाऱ्याची जबाबदारी वाढत जाईल.

पुढच्या वेळी कुणी ‘पल्ला दीडशे किलोमीटर’ असे ठणकावून सांगितले, तर तीन साधे प्रश्न विचारावेत. किती उंचीवरून सोडले? समोरचे विमान येत होते की पळत होते? आणि क्षेपणास्त्र येताना पाहून त्याने काय केले? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर तो आकडा जाहिरातीतला समजावा.