गळ बदलला की सेलफिश वाचतो

ग्वाटेमालाच्या इस्तापाहून चार्टर बोटी पॅसिफिकमध्ये सेलफिश धरायला जातात आणि मासा पुन्हा सोडतात. सोडलेला मासा जगतो कुठे, ही शंका रास्तच आहे. पण बरंचसं उत्तर गळाच्या आकारात आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच अभ्यासात जे-हूकवरच्या ४६ टक्के सेलफिशच्या घशात किंवा पोटात गळ अडकला होता, सर्कल हूकवर फक्त २ टक्क्यांच्या. सर्कल हूकचं टोक आत वळलेलं असतं. दोरी हळूहळू ताणली की तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. झटका मात्र अजिबात द्यायचा नाही. मासे निसटतील म्हणाल, तर त्या अभ्यासात उलट याच गळाला जास्त लागले. आमिषासाठी जे-हूक बंदच व्हावा, असं माझं ठाम मत आहे. माशाची दमछाक उरतेच. म्हणून झुंज लांबवू नये आणि फोटोसाठी त्याला बोटीत ओढू नये, गळ पाण्यातच काढावा.